लॅबमधल्या समतेच्या कामाचा सन्मान कसा करावा: शाल-श्रीफळाच्या आधी रजिस्टर उघडा

नागपुरात सत्कारांना तोटा नाही. रविवारी सकाळी धंतोली-रामदासपेठेतल्या कुठल्याही सभागृहात डोकवा, कोणाच्या ना कोणाच्या खांद्यावर शाल पडतच असते. लॅबवाल्यांचेही सत्कार होतात. नवीन मशीन आणलं म्हणून, शाखा वाढल्या म्हणून, पंचवीस वर्षं झाली म्हणून. पण एखाद्या तंत्रज्ञाने रिपोर्ट खेड्यातल्या बाईच्या हातात पडेपर्यंत तीनदा फोन केले, त्यासाठी कोणाला नारळ मिळालेला मी तरी पाहिला नव्हता.

म्हणून आम्ही काही लॅबवाल्यांनी मिळून असा सन्मान सुरू केला आणि पहिल्याच वर्षी सपशेल चुकलो. सिकलसेल या लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीची सर्वांत जास्त शिबिरं घेणाऱ्या लॅबला आम्ही मानचिन्ह दिलं. टाळ्या झाल्या, फोटो छापून आले. पुढे काही महिन्यांनी रामटेक तालुक्यात देवलापारच्या पलीकडे एका गावात गेले होते. तिथे एक बाई मला त्याच लॅबची समजून म्हणाली, "मागच्या साली रक्त नेलं न जी ताई, त्याचा कागद कधी भेटन?" मला उत्तर देता आलं नाही.

हा लेख त्या बाईच्या प्रश्नातून आला आहे. तुमची संघटना, महाविद्यालयाचा विभाग, रोटरीसारखा क्लब किंवा चार लॅबवाले मिळून असा सन्मान ठेवणार असाल, तर तो कसा उभा करायचा ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: सन्मान कशाचा, हे एका वाक्यात लिहा

समानता आणि समता यांतला फरक लॅबमध्ये लगेच दिसतो. सगळ्यांना एकच दर, एकच रांग आणि सकाळी सात ते नऊ अशी एकच वेळ ही झाली समानता. कुहीहून पहिल्या एसटीने उपाशीपोटी निघालेल्या माणसाचं रक्त दहा वाजताही घेतलं जातं, ही समता. ज्याची अडचण जास्त, त्याच्यासाठी व्यवस्था जास्त वाकली पाहिजे.

आमचं वाक्य असं आहे: "जात, जमात, भाषा, लिंग, अपंगत्व, अंतर किंवा पैसा यांमुळे ज्याच्यापर्यंत बरोबर तपासणी आणि समजेल असा रिपोर्ट पोचत नव्हता, त्याच्यापर्यंत तो पोचवणारं काम." तुमचं वाक्य वेगळं असू शकतं, पण 'पोचवणं' हे क्रियापद काढू नका. ते काढलं की पुन्हा शिबिरांची मोजदाद सुरू होते.

एनएबीएलचं, म्हणजे लॅबच्या दर्जाला मिळणाऱ्या राष्ट्रीय मान्यतेचं, प्रमाणपत्र आहे म्हणून मार्क देऊ नका. आयएसओ १५१८९ नुसार होणारी ती तपासणी महत्त्वाचीच आहे, पण तिचा भर आलेल्या नमुन्यावरचं काम नीट होतं का यावर असतो. नमुना आलाच नाही तो कोणाचा, ते शोधणं आपल्याकडे येतं.

दुसरी पायरी: कोणतं काम या सन्मानात बसतं, ते आधी ओळखायला शिका

इथे घाई करू नका. बहुतेक समित्या इथेच फसतात, कारण लॅबमधलं समतेचं काम दिसायला फार साधं असतं.

विदर्भात पहिलं उदाहरण सिकलसेलचंच येणार. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. त्यामुळे तपासण्यांचे आकडे आता सगळ्यांकडे असतात. पण शिबिरात होते ती बहुधा सोल्युबिलिटी चाचणी. रक्ताचे थोडे थेंब द्रावणात टाकायचे, काही मिनिटं थांबायचं आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरायचा. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, गढूळपणात बुडाल्या तर पॉझिटिव्ह. मात्र नळी गढूळ झाली म्हणून माणूस रुग्ण आहे (एसएस) की नुसता वाहक (एएस), हे कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लागतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन जास्त असल्यामुळे ही चाचणी फसते. फार तीव्र ॲनिमियातही ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

तेव्हा 'इतक्यांची तपासणी केली' या वाक्यावर थांबू नका. गढूळ आलेल्या नळ्यांपैकी किती जणांचं एचपीएलसी झालं? त्यांतल्या किती जणांना 'तुम्ही वाहक आहात, आजारी नाही' हे त्यांच्या भाषेत कोणी सांगितलं? नवरा-बायको दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भातल्या बाळाची तपासणी, वारेचा तुकडा घेऊन करायची, साधारण ११ ते १४ आठवड्यांत होते. बाईचा रिपोर्ट नवव्या आठवड्यात आणि नवऱ्याचा विसाव्यात आला, तर दोन्ही रिपोर्ट बिनचूक असूनही त्या जोडप्याच्या हातातला एक मार्ग गेलेला असतो. नवऱ्याचं रक्त त्याच आठवड्यात मिळवणारी एएनएम (आरोग्यसेविका) किंवा तंत्रज्ञ माझ्या लेखी सन्मानाच्या पहिल्या रांगेतली.

दुसरं उदाहरण मशीनवरचं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर सांगणारी चाचणी, एचपीएलसीवर लावली की आलेखावर सिकलच्या एस हिमोग्लोबिनचा उंचवटा दिसतो. बऱ्याच ठिकाणी आकडा छापून कागद पुढे जातो. सिकलच्या रुग्णात लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे हा आकडा खोटा कमी येतो आणि मधुमेह झाकला जातो. "हिमोग्लोबिनचा वेगळा प्रकार आढळला, एचबीए१सीवर विसंबू नये, रक्तशर्करा किंवा फ्रुक्टोसामाइन पाहावं" अशी ओळ रिपोर्टवर घालायला एक पैसा लागत नाही. ती ओळ घालणारी आणि डॉक्टरांना फोन करणारी लॅब शोधा.

तिसरं, नॉर्मल रेंज. रिपोर्टच्या उजव्या रकान्यातला हा आकडा बहुतेक वेळा किटच्या पत्रकातून जसाच्या तसा उतरवलेला असतो. ज्या लोकांवरून तो काढला ते कुठले, हे कोणी विचारत नाही. स्वतःची रेंज काढायची तर निदान १२० निरोगी माणसं लागतात, ते छोट्या लॅबला जमणार नाही. पण २० निरोगी स्थानिक माणसांवर किटची रेंज पडताळता येते. दोनपेक्षा जास्त जण बाहेर पडले नाहीत तर ती रेंज चालते. हे काम करून कागद फाइलला लावलेली लॅब दिसली, तर मी तिला शंभर शिबिरांच्या वर धरेन.

याच संदर्भात अमेरिकेतली एक गोष्ट परीक्षकांना जरूर सांगा. मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या ईजीएफआरच्या सूत्रात १९९९ पासून कृष्णवर्णीयांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचं मूत्रपिंड कागदावर जास्त चांगलं दिसे आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव उशिरा लागे. २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढलेलं नवं सूत्र आलं. २०२३ पासून तिथल्या प्रत्यारोपण यंत्रणेने अशा रुग्णांची प्रतीक्षेची वेळ मागे नेऊन दुरुस्तही केली. आकडेमोडीतला अन्याय शोधून काढता येतो आणि दुरुस्तही करता येतो, हे यातून दिसतं. आपल्याकडे तो गुणक नाही, पण ईजीएफआर ज्यावरून काढतात ते रक्तातलं क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून असतं. वाळलेल्या अंगाच्या, कमी खाणाऱ्या मजुराचं क्रिएटिनिन 'नॉर्मल' दिसू शकतं आणि मूत्रपिंड मात्र बिघडलेलं असतं. ते डॉक्टरांच्या लक्षात आणून देणाराही आपल्या यादीत हवा.

बाकीची उदाहरणं थोडक्यात. नोंदणी अर्जात स्त्री-पुरुष याखेरीज तिसरा रकाना असणं आणि प्रतीक्षा कक्षात नावाऐवजी टोकन नंबर पुकारणं. व्हीलचेअर आत येईल असा उतार. गोंडी, उर्दू, छत्तीसगढी बोलणारं कोणीतरी काउंटरवर असणं. रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडायला गाडी. आणि कर्मचारी: गडचिरोली-भंडाऱ्याकडून डीएमएलटी (लॅब तंत्रज्ञाची पदविका) करून आलेली मुलं रक्त घेण्यापुरतीच ठेवली जातात, की त्यांतली कोणी सेक्शन इनचार्जही झाली?

तिसरी पायरी: नामांकन

डॉक्टरांपुरतं ठेवू नका. तंत्रज्ञ, रक्त घेणारे, नमुन्यांची पेटी मोटरसायकलवर आणणारे, काउंटरवरचे, आशाताई, सगळ्यांना दार उघडं ठेवा. स्वतःचं नाव स्वतः देता येऊ द्या, नाहीतर मालकाची मर्जी असलेल्यांचीच नावं येतात.

अर्ज एक पान, मराठीत. इंग्रजीतला सहा पानी अर्ज ठेवला की तो भरायला फुरसत आणि माणूस असलेली मोठी लॅबच जिंकते. समतेच्या सन्मानाला हे शोभत नाही. आमच्या अर्जात चारच प्रश्न आहेत:

कोणाची अडचण होती?
तुम्ही काय बदललं आणि कधीपासून?
बदल झाला हे कशावरून दिसतं?
काय फसलं?

चौथा प्रश्न कोणी काढायला सांगितला तरी ठेवा. "काहीच फसलं नाही" असं लिहिणाऱ्याकडे मी जरा संशयाने बघते. ज्यांना लिहायला जड जातं त्यांना व्हॉट्सॲपवर पाच मिनिटांचा आवाज पाठवू द्या, समितीतल्या कोणीतरी तो कागदावर उतरवावा.

चौथी पायरी: पुरावा म्हणजे फोटो नव्हे, रजिस्टर

आम्ही आता फोटो मागतच नाही. लॅबमध्ये जाऊन रजिस्टर मागतो. सिकलच्या रजिस्टरमध्ये नाव, वय, गाव, सोल्युबिलिटी, एचपीएलसी असे रकाने भरलेले असतात. शेवटचा रकाना असतो 'रिपोर्ट कोणाला, कधी दिला' आणि तो पाहायला चष्मा लावून बसावं लागतं. एका ठिकाणी तो रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता, पण सगळ्या सह्या एकाच निळ्या शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एका बैठकीत केल्यासारख्या. दुसऱ्या एका छोट्या केंद्रात अर्धाच रकाना भरलेला होता, पण त्यात कुठे अंगठा, कुठे "सासूकडे दिला, सून माहेरी", कुठे "फोन लागत नाही, आशाताईला सांगितलं" अशा नोंदी. जास्त मार्क कोणाला दिले ते सांगायला नको.

दुसरा पुरावा नाकारलेल्या नमुन्यांचा. हा आकडा प्रत्येक लॅबकडे असतो. तो नमुने जिथून आले त्या केंद्रांनुसार फोडून मागा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की दूरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतून आलेले नमुने हिमोलाइज होतात, म्हणजे लाल पेशी फुटतात, आणि पोटॅशियम खोटं वाढतं. साध्या नळीतलं रक्त तसंच राहिलं तर साखर तासाला पाच ते सात टक्क्यांनी उतरते. उन्हात त्याहून जोरात. राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी असली तरी पहिला तास-दोन तास घसरण होतेच. नमुना नाकारला की लॅबचा एक नंबर जातो, पण पेशंटचा एक दिवसाचा रोज जातो. ज्या लॅबने दूरच्या केंद्रांची पेटी आणि आइसपॅक बदलले, दुपारची फेरी सकाळी आणली आणि त्यानंतर त्या केंद्राचे नाकारलेले नमुने कमी झाले, तिच्याकडे आकडा आणि कारण दोन्ही आहेत. परीक्षकाला आणखी काय पाहिजे?

तिसरा पुरावा पेशंटचा. त्याला समितीपुढे बोलावू नका, आपण जा. एकच प्रश्न विचारा: "तुमच्या रिपोर्टात काय होतं?" सांगता आलं तर लॅबने काम केलं.

पाचवी पायरी: जे चुकूनही करायचं नाही

सिकल हा आजार विदर्भात आदिवासींमध्ये आहे, अनुसूचित जातींमध्ये आहे, इतर मागास समाजांमध्येही आहे. तरी 'अमक्यांचा आजार' हा शिक्का बसलेलाच आहे आणि पोरीचं लग्न मोडायला तेवढा शिक्का पुरतो. म्हणून पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावणं, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीडीएफ टाकणं, मंचावर 'आमचा सिकलचा पेशंट' म्हणून मूल उभं करणं, यांतलं एक जरी आढळलं तरी तो अर्ज आम्ही बाद करतो. हेतू कितीही चांगला असला तरी. नामांकनात पेशंटचं नाव, आधार, मोबाइल काही येऊ देऊ नका. रजिस्टर लॅबमध्येच पाहायचं, त्याचा फोटो काढायचा नाही.

जातीची नोंद सक्तीची नको. ती घेत असतील तर कशासाठी घेता हे पेशंटला सांगितलं का, ते विचारा.

सहावी पायरी: परीक्षक आणि मार्क

पाच जण पुरतात. एक पॅथॉलॉजिस्ट किंवा बायोकेमिस्ट, एक अनुभवी तंत्रज्ञ, एक आशाताई किंवा एएनएम, एक सिकल किंवा थॅलेसेमियाचा रुग्ण अथवा पालक आणि एक नागपूरबाहेरची व्यक्ती. सेवाग्राम, चंद्रपूर, गडचिरोलीकडे या कामातली माणसं भरपूर आहेत. चंद्रपूरला तर हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं राष्ट्रीय केंद्रच आहे. बाहेरचा माणूस हवाच, कारण धंतोलीत कोण कोणाला पेशंट पाठवतो हे सगळ्यांना माहीत असतं आणि 'कट'चा, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनचा, विषय निघाला की सगळे चहा प्यायला उठतात. त्याच कारणाने किट कंपनीचा प्रायोजक नको.

शंभर मार्कांची आमची वाटणी अशी: रिपोर्ट समजेपर्यंत पोचला का, ४०. तपासणी त्या माणसासाठी बरोबर होती का, म्हणजे पद्धत, रेंज, टिपणी, २५. काम एका माणसावर अवलंबून नाही, तो बदलून गेला तरी चालेल का, २०. लॅबच्या आतली माणसं, कोणाला शिकायला आणि वर जायला मिळतं, १५. सुरुवातीला आम्ही शेवटच्याला पाचच दिले होते. एका परीक्षक ताईंनी विचारलं, "बाहेर समता अन् आत झाडू मारणाऱ्या बाईला बसायला खुर्ची नाही, चालते का?" मग ते वाढवले.

मार्क आधी प्रत्येकाने एकट्याने द्यावेत, मग बोलावं. नाहीतर मोठ्या डॉक्टरांनी घसा खाकरला की बाकीचे चौघे आपले आकडे खोडतात.

सातवी पायरी: तारीख आणि बक्षीस

१५ एप्रिल हा आंतरराष्ट्रीय वैद्यकीय प्रयोगशाळा विज्ञान दिन. नागपुरात १४ एप्रिलची रात्र जयंतीमुळे जागीच असते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम ठेवलात तर रिकाम्या खुर्च्यांची तयारी ठेवा, संध्याकाळ बरी. योगायोग असा की तृतीयपंथीयांची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही १५ एप्रिलचाच, २०१४ चा. सिकलवर भर द्यायचा असेल तर १९ जून, जागतिक सिकलसेल दिन.

बक्षिसात शाल द्या, हरकत नाही, पण सोबत कामाचं काहीतरी द्या. एका वर्षाचं बाहेरच्या गुणवत्ता तपासणीचं शुल्क, नमुन्यांच्या दोन चांगल्या पेट्या, तंत्रज्ञाला एखाद्या मोठ्या विभागात आठवडाभर शिकायला पाठवणं. आम्ही एका सन्मानितालाच विचारलं होतं. तो कामठी भागातून मोटरसायकलवर नमुने आणतो. म्हणाला, "भाऊ, मानचिन्ह घरी ठेवायले जागा नाही. पेटीचं झाकण नीट लागत नाही, ते पाहा." झाकण नव्हे, नवी पेटीच दिली.

मंचावर सन्मानपत्र वाचताना 'अमूल्य योगदान', 'उल्लेखनीय सेवा' ही भाषा टाळा. काय केलं ते वाचा: "दूरच्या तीन केंद्रांची फेरी सकाळी आणली, नाकारलेले नमुने कमी झाले." शेवटच्या रांगेतला तंत्रज्ञ हे ऐकून उद्या आपल्या लॅबमध्ये तेच करू शकतो.

आठवी पायरी: वर्षाने परत जा

ही पायरी सगळे गाळतात. सन्मान दिल्यावर बरोबर एक वर्षाने, न कळवता, त्याच लॅबमध्ये जायचं आणि त्याच रजिस्टरचा तोच शेवटचा रकाना पाहायचा. भरलेला असेल तर पुढच्या कार्यक्रमात त्यांचं नाव पुन्हा वाचायचं. रिकामा असेल तर मानचिन्ह परत मागायचं नाही, भांडायचं नाही. चहा घ्यायचा आणि काय अडलं ते विचारायचं. गेल्या खेपेला उत्तर आलं की रिपोर्ट वाटणारी मुलगी लग्न होऊन यवतमाळला गेली आणि तिच्या जागी कोणी घेतलंच नाही. त्या रजिस्टरमध्ये तिच्या अक्षरातली शेवटची नोंद फेब्रुवारीची होती. खाली पानं कोरी होती आणि मध्ये न वाटलेल्या रिपोर्टांचा गठ्ठा रबर लावून ठेवला होता. तो आम्ही पिशवीत घातला नाही, तो आमचा नव्हता. त्या भागातल्या आशाताईंना तिथूनच फोन लावला आणि गावांची नावं एकेक करून वाचून दाखवली.